ओठांवरून जाणारी रेघ

पडद्यावर लेक बोलायला लागली की तिच्या तोंडावरून एक आडवी रेघ जायची. रेघेच्या वरचा चेहरा मागे राहिलेला आणि खालचा पुढे निघून गेलेला. म्हणजे डोळे, नाक, वरचा ओठ मघाचे. खालचा ओठ आणि हनुवटी आत्ताची. तिनं मान हलवली की हे जास्त व्हायचं, आणि मान हलवल्याशिवाय तिला बोलता येत नाही. ते तिनं आईचं उचललंय.

दुसऱ्या कुणी हे पाहिलं असतं तर तो म्हणाला असता, एवढं काय त्यात, आवाज तर नीट येतोय ना? मेख तिथंच होती. आवाज मला येत नव्हता. मी तिचे ओठ वाचत होतो, आणि रेघ नेमकी ओठांवरून जात होती.

मी साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर होतो. ऊस जिथं चिरडला जातो ती जागा. टर्बाइन, गियर, रोलर, आणि वरून अखंड येणारा ऊस. गाळप सुरू झालं की तिथं शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येणं बंद. कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते घातले तर बेअरिंगचा आवाज बदललेला कळणार कसा? फिटरचे कान हेच त्याचं हत्यार, असं आमच्या मिस्त्रीनं शिकवलेलं. हत्यार वापरून वापरून झिजलं, दुसरं काय.

तर मिल हाऊसमध्ये आम्ही ओठांनी बोलायचो. आवाज काढायचाच नाही, कारण त्याचा उपयोग नाही. शब्द मोठा उघडून, सावकाश, समोरच्याच्या डोळ्यांपुढं ठेवायचा. काही अक्षरं ओठांवर दिसतात, काही घशातच राहतात. क आणि ग कधी दिसत नाहीत, प आणि म जुळे भाऊ असल्यासारखे दिसतात. मग उरलेलं हातानं भागवायचं. कपाळाला हात लावला की साहेब येतोय, मनगटावर बोटं वाजवली की पाळी बदलायला किती वेळ आहे. आणि कळलं की एकदा मान हलवायची. परत विचारायचं नाही. समोरच्याचा हात मशीनमध्ये असतो, त्याला दोनदा बोलायला लावणारा फिटर कच्चा समजला जायचा. म्हणून आम्ही सगळे मान हलवण्यात तरबेज झालो. कळलं तरी हलवायची, नाही कळलं तरी हलवायची आणि मग स्वतःच जाऊन बघायचं.

ही बोली आमच्यासोबत घरी यायची. कारखान्याच्या कॉलनीत बायका-पोरांना ती आपोआप आली. आमच्या चाळीत नवराबायकोची भांडणंसुद्धा बिनआवाजाची व्हायची, त्यामुळे शेजाऱ्यांची फार गैरसोय होत असे. माझी लेक तर बोलायला लागली तीच दोन्ही बोल्या घेऊन. आई झोपली असेल तर दारातूनच मला ओठांनी विचारायची, आबा, काय आणलं?

‘आबा’ हा शब्द ओठांवर सगळ्यात सोपा. तोंड उघडतं, मिटतं, उघडतं. लांबून, अंधूक उजेडातही चुकत नाही.

दरवर्षी कारखान्यात कानांची तपासणी व्हायची. डॉक्टर समोर बसून बारीक आवाजात शब्द म्हणायचे, आम्ही ते परत म्हणायचो. सगळे पास. मिल हाऊसच्या लोकांचे कान एवढे चांगले कसे, याचं डॉक्टरांनाही कौतुक. मग एका वर्षी नवीन डॉक्टर आले. त्यांना पडसं झालेलं, तोंडावर रुमाल धरून बसले. त्या दिवशी अर्धं मिल हाऊस नापास झालं. मी त्या दिवशी रजेवर होतो म्हणून वाचलो. ही गोष्ट मी घरी इतक्यांदा सांगितली की लेकीला पाठ झाली होती. रुमालाचं आलं की ती हसून हसून लोळायची.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं तिसगावला आलो, आमच्या गावाला. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं शेवग्याचं झाड. तोपर्यंत माझे कान बरेच गेले होते, पण ते कुणाला कळायचं कारण नव्हतं, कारण बायको होती. दारावर कुणी आलं की ती माझ्याकडे वळून ओठांनी सांगायची. दुकानात, लग्नात, दवाखान्यात, सगळीकडे ती माझ्या अर्धं पाऊल पुढं उभी राहायची. लोकांना वाटायचं बाई फार पुढारपण करते. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की ही शेजारी बसून मध्येमध्ये माझ्याकडे तोंड करायची, आणि लेक म्हणायची, आई, तू सारखी आबांकडे काय बघतेस?

तीन वर्षांपूर्वी ती गेली. ती गेल्यावर मला खरं कळलं, मी किती बहिरा आहे.

नगरला जाऊन कानाचं मशीन आणलं होतं. ते लावलं की भांडं, हॉर्न, कुत्रं, पंखा सगळे एकदम माझ्या डोक्यात येऊन बसायचे, आणि माणसाचा शब्द मात्र बाहेरच उभा. आता ते बिस्किटाच्या डब्यात आहे. ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. त्यातलं पहिलं माझ्याकडून सुटलंच, म्हणून दुसरं जरा जोरात चालतं.

लेकीला मी सांगितलं नाही. ती बंगळूरला असते. आई गेली तेव्हाच म्हणत होती, आबा, एकटे राहू नका, चला आमच्याकडे. मी म्हणालो, मला काय धाड भरलीये? या माणसाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, रात्री कुणी दार वाजवलं तर कळत नाही, हे तिला समजलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी दारात. ती वाईट वागवील असं नाही, उलट फार जपेल. पण तिथं लिफ्टमधली माणसं कानडी बोलतात, खालचा वॉचमन हिंदी, आणि नातीचं सगळं इंग्रजीत. मला ओठ वाचता येतात ते मराठी. इथं मी नुसता बहिरा आहे, तिथं मुका पण झालो असतो. आणि इथल्या घरात बायकोनं कुठली वस्तू कुठं ठेवली होती, ते सगळं तसंच आहे.

म्हणून रविवार सकाळचा कॉल मला सांभाळायचा होता. फोनवर लेकीचा चेहरा लिंबाएवढा दिसतो, त्यातले ओठ वाचणं शक्य नाही. कॉम्प्युटरचा पडदा मोठा. तिथं ती जवळजवळ खऱ्याएवढी दिसते. आठवडाभरात माझं धड असं बोलणं तेवढंच व्हायचं. बाकीच्या दिवशी मी गावातून मान हलवत हिंडायचो.

हा कॉम्प्युटर जुना. दिवाळीला जावई आले तेव्हा तो चालू व्हायला एवढा वेळ घेत होता की मी मधे चहा करून आणायचो. जावयांनी त्यातलं सगळं काढून लिनक्स घातलं. मोठ्या हौसेनं समजावून सांगितलं, अगदी सावकाश, की आबा, हे फुकट आहे, कुणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरच्या लोकांनी मिळून केलंय, आतलं सगळं उघडं आहे, कुणीही बघावं, कुणीही दुरुस्त करावं.

“म्हंजी सहकारी,” मी म्हणालो.

जावई हसले. आमच्या जिल्ह्यात राहिलेले नाहीत, नाहीतर एवढे हसले नसते.

पण मशीन खरंच पळायला लागलं. तक्रार करावी असं काही नव्हतं. फक्त लेकीच्या तोंडावर रेघ आली. आधी मला वाटलं माझेच डोळे. मग चष्मा पुसला, मग पडदा पुसला, मग मागची वायर काढून परत खोचली. रेघ तिथंच. सुरुवातीचे काही रविवार मी अंदाजानं काढले. शब्दांतलं निम्मं दिसायचं, निम्मं मी माझं घालायचो. कळलं नाही तिथं मान हलवायची, ‘बरं, बरं’ म्हणायचं. तीस वर्षांची सवय होती.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी लेक बराच वेळ काहीतरी सांगत होती. मान फार हलत होती, रेघ सारखी वरखाली. शेवटी ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे काहीतरी विचारलं होतं. मी मान हलवली. म्हणालो, “चालंल की.” तिचा चेहरा सुटल्यासारखा झाला. मलाही बरं वाटलं.

मार्चच्या शेवटी मी कूलर बाहेर काढला. वाळ्याच्या नव्या जाळ्या बसवल्या, नातीच्या सायकलला तेल दिलं, गव्हाच्या कुरडया शेजारणीकडून करून घेतल्या. दर मे महिन्यात लेक आणि नात येतात. आणि मग लेकीला फोनवर लिहिलं, किती तारखेला निघताय?

तिचा मेसेज आला. आबा, आपलं बोलणं झालंय ना? यंदा सुट्टीत सासूबाईंना केरळला न्यायचं ठरलंय. त्यांची तब्येत पुढं कशी राहील सांगता येत नाही. तुम्हाला विचारलं होतं मी, तुम्ही चालेल म्हणालात.

मी फार चिडलो. कुणावर ते मलाही ठरवता येईना, म्हणून तिच्यावर चिडलो. लिहिलं, मी असं काही म्हणालो नाही. तिचं मग नुसतं ‘बरं’ एवढंच आलं.

कूलर तसाच ओट्यावर होता. मी त्याच्यासमोर बसून राहिलो. वर्षातून एकदा माणसं घरात राहायला येणार होती आणि मीच मान हलवून त्यांना नको म्हणालो होतो. तेव्हा रडू आलं. एकटं असण्याची एक सोय आहे, रडताना तोंड फिरवावं लागत नाही.

तेव्हा ठरवलं, ही रेघ काढायची. लेकीला विचारणं शक्य नव्हतं. ती स्वतः कॉम्प्युटरवरच काम करते, तिनं बसल्याजागी सांगितलं असतं. पण पहिला प्रश्न आला असता, आबा, आवाज नीट आहे ना, मग चित्राचं एवढं काय? जावयांना विचारलं तरी ते तिलाच विचारणार. म्हणजे ज्या गोष्टीसाठी दुरुस्ती करायची तीच सांगावी लागली असती.

मराठीत शोधलं, काही मिळालं नाही. इंग्रजीत शोधलं तर कळलं की ह्या रोगाला ‘टेअरिंग’, म्हणजे फाटणं, असं नाव आहे, आणि जगभरात लोकांना तो आहे. ग्राफिक्स कार्ड चित्रं तयार करून पुढे देतं आणि पडदा ती वरून खाली रंगवत जातो. एक चित्र अर्धं रंगवून होतंय तोवर कार्डानं पुढचं ढकललं, की वर जुनं, खाली नवं. हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. वरून ऊस पडायचा वेग आणि खाली मिलनं तो ओढायचा वेग जुळला नाही की काय होतं, ते निस्तरण्यात माझा जन्म गेलाय. दोघांना एका तालावर आणायचं, बस.

लिनक्सवाल्यांचा एक फोरम आहे, तिथं लोक अडचणी लिहितात आणि दुसरे कुणी उत्तरं देतात. मी माझ्या फिटरच्या इंग्रजीत लिहिलं, पडद्यावर माणूस हलला की तोंड दोन तुकडे होते, उपाय सांगावा. पहिल्यानं सुनावलं की विचारण्याआधी शोधत चला. कारखान्यात नव्या माणसाला असंच बोलतात, मी मनावर घेतलं नाही. दुसरा एक होता, त्याच्या नावाच्या जागी नुसते आकडे होते. त्यानं विचारलं, कार्ड कुठलं? मग सांगितलं, सेटिंग्जमध्ये खिडक्यांच्या व्यवस्थेत कंपोझिटर नावाची, चित्र आधी पुरं जुळवून मग पडद्याला देणारी सोय आहे, ती लावा.

लावली. खिडक्या सरकवल्या, त्या एकदम शहाण्यासारख्या सरकल्या. पण रविवारी चित्र पूर्ण पडद्यावर घेतलं आणि रेघ परत हजर. लेक काहीतरी विचारत होती. या खेपेला मी मान हलवली नाही, घाबरून नुसता खोकत बसलो. ती माझ्याकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत होती.

आकडेवाल्यानं सांगितलं, मग आता खोलात जावं लागेल, एक फाईल तयार करावी लागेल, त्यासाठी पासवर्ड लागेल. पासवर्ड जावयांनी कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. माझी बहीण शिंगणापुरात दिलेली, तिच्या घराला दार नाही, आणि माझ्या दोन खोल्यांतल्या ह्या डब्याला कुलूप. तर मी मशीनला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत त्यानं सांगितलेली ओळ लिहिली, मशीननं पासवर्ड मागितला, आणि मी टाइप करू लागलो तर पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, टिंब नाही. बटणं जोरात दाबून पाहिली. की-बोर्ड गेला म्हणून तो काढून पिशवीत घातला आणि तिसगावच्या चौकातल्या दुकानात नेला.

दुकानदार माणूस चांगला, पण त्याला दाट मिशी आहे. दाट मिशीचा माणूस म्हणजे आमच्यासाठी बंद शटर. त्यानं की-बोर्ड स्वतःच्या मशीनला लावला, सगळी बटणं दाबून दाखवली आणि काहीतरी बोलला. मी मान हलवली. तो परत बोलला. शेवटी त्याची बायको आतून आली, तिनं माझ्याकडे बघून सांगितलं, “चांगला हाय की-बोर्ड, बाबा. कायबी बिघाड न्हाई. घरी घिऊन जावा.”

“मग माझ्या घरीच का उमटंना?” मी विचारलं.

तिनं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं माझ्याकडं. दोघांच्या नजरेत म्हातारा सरकला असं होतं. मी पिशवी उचलली.

फोरमवर लिहिलं तेव्हा उत्तर आलं, पासवर्ड टाइप करताना दिसत नाही, ते मुद्दाम तसं केलंय. दिसत नसलं तरी पोचतं. पूर्ण टाइप करा आणि एंटर दाबा. मी तसं केलं आणि मशीननं मुकाट्यानं ऐकलं. राग आला. एवढी उघडी, सगळ्यांची म्हणवणारी गोष्ट, आणि हे एक वाक्य पडद्यावर लिहायला कुणाला सुचलं नाही.

मग मी घाई केली. आकडेवाला फाईलमधला मजकूर सांगतो म्हणाला होता, त्याची वाट पाहायला मी थांबलो नाही. दुसऱ्या एकाला कुणीतरी दिलेला मजकूर जसाच्या तसा उतरवला आणि मशीन बंद करून चालू केलं. पडदा काळा. कोपऱ्यात एक आडवी खूण तेवढी लुकलुकत होती. तो मजकूर दुसऱ्याच कंपनीच्या कार्डासाठी होता. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आता रेघेचाच काय, लेकीचाही पत्ता नव्हता.

ती दुपार मी विसरणार नाही. बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टर जाताना खिडकीची तावदानं थरथरलेली दिसत होती. त्या काळ्या पडद्यात माझाच चेहरा दिसत होता, आणि मी काहीतरी पुटपुटत होतो ते मला ओठांवरून कळलं. बायकोशी बोलत होतो. कळलं तेव्हा तोंड मिटलं.

फोनवरून आकडेवाल्याला लिहिलं. त्यानं रागावणं सोडा, हसूही दाखवलं नाही. अमुक तीन बटणं एकदम दाबा, काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड विचारेल, आत जाऊन ती फाईल पुसा. पुसली. घर परत उघडलं. मग त्यानं विचारलं, एक विचारू का? बहुतेक लोकांना ही रेघ दिसतसुद्धा नाही. तुम्ही हिच्यामागे एवढे का लागलात?

मी चष्मा पुसून परत लावला. आणि लिहिलं, मी बहिरा आहे. मुलीचे ओठ वाचतो. रेघ ओठांवरून जाते.

बायको सोडली तर हे मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. तिलाही सांगितलं नव्हतं खरं तर, तिला माहीत होतं. तो माणूस कुठल्या देशातला, म्हातारा की पोरगा, बाई की पुरुष, मला आजही ठाऊक नाही. सांगायला तोच सापडला याचं वाईटही वाटलं.

त्याचं उत्तर आलं, मग हे नीट करू. आणि त्यानं एकेक पायरी दिली. कार्डाचं नाव कुठं बघायचं, ते मला पाठवा, आता हे लिहा, आता थांबा. दुधानं तोंड पोळलं होतं, मी ताक फुंकून पीत होतो. प्रत्येक ओळ त्याला दाखवून मगच पुढं जायचो. शेवटच्या ओळीत होतं, टेअर-फ्री, ट्रू. मशीन बंद करून चालू केलं. नातीचा झोक्यावरचा एक जुना व्हिडिओ लावला, पूर्ण पडद्यावर. झोका ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, आला. नात अखंड होती.

मी त्याला लिहिलं, झालं. त्यानं वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं, प्रश्नापुढं ‘सुटला’ अशी खूण केली आणि गेला.

रविवारी मी दाढी केली. कॉल आला, पडद्यावर लेक आली. स्वच्छ. तिच्या कपाळावर आठ्या पडायला लागल्यात, कानाशी केस पांढरे झालेत, हे मला तेव्हा दिसलं. इतके महिने मी फक्त तिच्या तोंडाच्या तुकड्यांशी झटत होतो. तिनं ओठ उघडले, मिटले, उघडले. आबा. मधला ‘ब’ सुद्धा पुरा मिटला.

मग ती बोलत गेली आणि मी वाचत गेलो. त्यांच्याकडे टँकरचं पाणी येतं, कामवाली गावाला गेलीय, नातीचा पुढचा दात पडला आणि ती तो कुणाला फेकू देत नाही. मी म्हणालो, “शेवग्याखाली पुरायला हिकडं पाठव.” ती हसली. मी मध्येच तोडून प्रश्न विचारले. किती महिन्यांनी तिला मध्ये तोडलं असेल. ज्याला कळत असतं तोच मध्ये बोलू शकतो. तिनं विचारलं, उन्हाचा त्रास होतोय का, कूलर लावला का. मी म्हणालो लावलाय. केरळबद्दल म्हणाली, आबा, तुम्हाला वाईट वाटलं ना? मी म्हणालो, “वाटलं. पण विहीणबाईंना न्यायलाच पायजे. त्यांचं वय झालं.” आणि ते मी मनापासून म्हणालो. खूप खुशीत होतो. दुरुस्त केलेली मिल पहिल्यांदा फिरते तेव्हा फिटर असाच बडबडतो.

ती मात्र हसता हसता थांबली. माझ्याकडे बघत राहिली. तिला काय झालं म्हणून मी पडद्यावर नीट पाहिलं, आणि तिच्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात मला माइकची खूण दिसली. तिच्यावर तांबडी तिरपी रेघ होती. ती खूण मला चांगली माहीत होती, कारण माझ्याकडून ती चुकून दाबली जायची आणि लेक ओरडायची, आबा, आवाज चालू करा. तांबडी रेघ म्हणजे आवाज बंद. मी आठवून पाहिलं. ती आली तेव्हापासून ती रेघ तिथं होती.

म्हणजे ‘आबा’पासून पुढं एकही शब्द तिनं आवाजात उच्चारला नव्हता. नुसते ओठ हलवले होते, मिल हाऊससारखे. आणि मी एकेका शब्दाला उत्तर देत बसलो होतो. तिला रुमालही धरावा लागला नाही.

मी खुणेकडे बघितलेलं तिनं बघितलं. तिनं तोंडावर हात ठेवला. खांदे हलायला लागले. हाताच्या मागे ती काहीतरी बोलली, लांबलचक. माझी मान सवयीनं हलायला निघाली. मी ती धरली.

“न्हाई कळलं,” मी म्हणालो. “परत सांग.”

तिनं हात खाली घेतला, डोळे पुसले. आवाज चालू केला नाही. खुर्ची पुढं ओढली आणि आईसारखे ओठ मोठे उघडून, सावकाश विचारलं, कधीपासून?

मी बोललो ते मोठ्यानं बोललो की हळू, मला सांगता येणार नाही. ते हल्ली मला कळत नाही.

“तुझी आई हुती तवापासून. पण तवा ती हुती.”